किल्ली काढली तरी

गेलं वर्षभर मिस्त्री डोळ्यांनी ऐकत होते. समोरच्याचे ओठ बघायचे, अंदाज बांधायचा आणि अंदाज फसला की उगाच खेकसायचं. लेकीला वाटायचं, बाबा वयाने चिडके झालेत. कान गेलेत हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. आणि ते सांगायचं तरी कसं? गिऱ्हाईक गाडी सोडून जायचं ते त्यांच्या कानाच्या भरवशावर. पाना काय, कोणीही फिरवतं.

त्या दुपारी टेम्पोवाला आला. "उस्ताद, निळा धूर ओकतोय हो."

मिस्त्रींनी नेहमीसारखं लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला. पूर्वी चारही सिलिंडर वेगवेगळे बोलायचे. आता जबड्यात नुसती थरथर आली.

"डिझेल आहे, ठकठक करणारच," ते म्हणाले. "पेट्रोल ठोकायला लागलं की आजारी समजायचं. डिझेलची ती तब्येतच असते."

लेक बॉनेटमध्ये डोकं घालून होती. "बाबा, ठकठक नाही हो, शिट्टी वाजतेय. टर्बोचं तेल हवेच्या पाइपात उतरतंय."

तिचे ओठ दिसले नाहीत. मिस्त्री इंजिनाकडेच बघत राहिले. मग तिने मान वर काढली. "भिंतीशी बोलतेय का मी?"

हे मात्र दिसलं. "मला शिकवू नकोस. तू रांगत होतीस तेव्हापासून इंजिनं उघडतोय मी!"

तावातावात त्यांनी हवेच्या फिल्टरचा डबा काढून पाइप उघडा केला, टेम्पोवाल्याला रेस द्यायची खूण केली आणि इंजिनावर वाकले.

बॅटरीवर ठेवलेल्या ताटलीतले नट चालायला लागले. एकेक करत कडेला आले आणि खाली पडले. आवाज न करता. 'किती रेस देतोय हा!' बस, बस, म्हणून त्यांनी हात हलवला. मान वर केली तर टेम्पोवाला केबिनमधून उडी मारून बाहेर उभा. तोंड पांढरंफटक, हातात काढलेली किल्ली.

मिस्त्रींना उमगलं. पेट्रोलचं इंजिन ठिणगीवर जगतं. किल्ली फिरवली, ठिणगी गेली, खेळ संपला. डिझेलला ठिणगी लागतच नाही. ते हवा इतकी दाबतं, इतकी तापवतं, की आत पडेल ते पेटतं. किल्ली फक्त डिझेल बंद करते. आणि या इंजिनाला आता स्वतःचंच तेल प्यायला मिळालं होतं. पीत राहणार, वेग वाढत राहणार, शेवटी आतला दांडा मोडून ब्लॉक फोडून बाहेर येणार. त्यांचं तोंड होतं नेमकं तिथेच.

बरगडीत जोराचा धक्का बसला. मिस्त्री टायरांच्या ढिगावर जाऊन आदळले. लेकीने जॅकखाली ठेवायची जाड फळी उचलली होती आणि पाइपाच्या तोंडावर दोन्ही हातांनी, छातीने दाबून धरली होती. तळहात कधीच लावायचा नाही, ओढून घेतं. हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. डिझेलला श्वास कोंडूनच मारायचं, हेही.

इंजिनाने दोन-तीन गचके दिले. मग तळपायाखालची जमीन शांत झाली.

लेक समोर येऊन उभी राहिली. हातात अजून फळी, डोळ्यांतून पाणी. "किती बोंबलले मी! ऐकू येत नाही का तुम्हाला?"

गॅरेजात दिवसातून दहा वेळा कोणी ना कोणी हे कोणाला तरी म्हणतंच. उत्तर कोणी देत नाही. मिस्त्रींनी दिलं.

"नाही."

तिने फळी खाली ठेवली. मग त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश म्हणाली, "कधीपासून?"

"टर्बोची शिट्टी कशी असते, ते नुसतं आठवतं आता."

त्यांनी फडक्याने स्क्रू-ड्रायव्हर पुसला आणि मूठ तिच्याकडे केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पेट्रोल गाडी आली. गाडीवाला म्हणाला, चढावर ओढत नाही, एकदा नेऊन बघा. लेक चालवायला बसली, मिस्त्री शेजारी, तळहात डॅशबोर्डवर ठेवून. चढ लागला. परत येईपर्यंत तिची नजर रस्त्यावर होती, कान इंजिनाकडे.

गाडीवाला मिस्त्रींनाच विचारायला लागला. मिस्त्रींनी लेकीकडे बोट केलं.

तिने पूर्ण चेहरा बापाकडे वळवला आणि मगच सांगितलं.

"ठोकतंय, बाबा."