दोन नाट्यशाळांची पत्रं

तिचं काम होतं आजारी पडण्याचं. वैद्यकीय महाविद्यालयात परीक्षा असली की ती खाटेवर झोपायची आणि डॉक्टर होऊ घातलेली मुलं एकामागून एक येऊन तिला तपासायची. सकाळी पोटदुखी, दुपारी छातीत कळ. एकदा तर जिचा नवरा नुकताच गेलाय अशी बाई होऊन ती नऊ वेळा रडली होती, आणि मधल्या सुटीत पोटभर जेवली होती. तिचं लग्नच झालेलं नव्हतं.

एकतिसाव्या वर्षी तिने अभिनय रीतसर शिकायचं मनावर घेतलं. पदवी होतीच. दोन नाट्यशाळांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना तिने अर्ज केले, निवडचाचण्या दिल्या, आणि एकाच आठवड्यात दोन्हीकडून पत्रं आली. घेतलं होतं. बारा दिवसांत कळवायचं होतं.

तिचा दादा पंपांच्या कारखान्यात खरेदी विभागात होता. दोन वस्तू शेजारी ठेवून ताडून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्याने लगेच कागदावर रकाने आखले. वर्गात मुलं किती, आठवड्याला तास किती, शिकून बाहेर पडलेले आता काय करतात. एक शाळा दोन वर्षांची, नावाजलेली. दुसरी तीन वर्षांची, गालिच्यांच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर.

"यात ताडायचं काय आहे? पहिलीचं नाव बघ ना," ती म्हणाली.

"नाव काय, कुणीही मोठ्या अक्षरांत छापतो. आत जाऊन बघू."

पहिल्या शाळेत त्यांना वर्गात मागे बसू दिलं. एक मुलगी मूल दगावलेल्या आईचं नाटकातलं भाषण म्हणत होती. सरांनी तिला थांबवलं.

"तुझ्या घरातलं कोण गेलंय?"

"आजी."

"शेवटचं काय बोलली?"

सरांनी पुन्हा विचारलं, मग पुन्हा. शेवटी ती हमसून हमसून रडू लागली. "आता म्हण भाषण," सर म्हणाले. तिने म्हटलं. अंगावर काटा येईल असं म्हटलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. दादाही वाजवणार होता, पण बहिणीकडे बघून त्याने हात खाली घेतले.

नंतर ती मुलगी नळावर तोंड धूत होती.

"रोज असंच असतं का?" तिने जवळ जाऊन विचारलं.

"छे हो ताई, आज माझं नशीब. दोन महिने सरांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं."

गोदामावरच्या शाळेत वेगळाच प्रकार. तिथे अकरा मुलं रिकामी बादली भरलेली असल्यासारखी उचलत होती. तासभर तेच. दादाने दोन जांभया दिल्या. शिकवणाऱ्या बाई ठेंगण्या, चष्मा कपाळावर. त्यांनी तिला समोर बोलावलं.

"चाचणीत तुम्ही आजारी छान दिसलात. आता धडधाकट बाई चालून दाखवा."

ती चालली. बाईंनी नकारार्थी मान हलवली. चार वेळा चालून झालं.

"प्रत्येक वेळी कुठेतरी दुखतंय तुमचं," बाई म्हणाल्या. "बसा."

परतताना ती रस्ताभर धुसफुसत होती. "मला चालायला शिकवणार म्हणे! तेही तीन वर्षं!"

"मग पहिली शाळा पक्की?"

"आधी घरी चल," ती म्हणाली.

उरलेल्या दिवसांत दादाने दोन्हीकडच्या जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर मिळवले आणि तिच्यापुढे ठेवले. "मी विचारलं तर पंपाचं विचारल्यासारखं होईल. तूच बोल."

पहिल्या शाळेतून शिकलेली एक बाई आता चष्म्याच्या दुकानात होती. एका नाटकाचे तिने एकशे चाळीस प्रयोग केले होते. रडायच्या प्रसंगी दर वेळी वारलेल्या वडिलांना आठवायची. "शंभरेक प्रयोगांनंतर वडील आठवेनात हो," ती म्हणाली. "घरीसुद्धा. डोळे मिटले की नाटकातला प्रसंगच दिसायचा. मग मीच सोडलं." तिचा आवाज गिऱ्हाइकाला काचांचे प्रकार सांगावेत तसा होता. शाळेबद्दल तिची तक्रार नव्हती. सर थोर आहेत, असंच ती म्हणाली.

दुसऱ्या शाळेतला एक जण मुलांच्या नाटकात काम करत होता. "चौदा वर्षं चाललंय. मला कुणी ओळखत नाही," तो म्हणाला. "शाळेत पहिलं वर्ष फार कंटाळवाणं, आधीच सांगतो. बाई कौतुक करत नाहीत. पण उद्या सकाळी दोन प्रयोग आहेत, आणि दोन्ही मला जमतील."

अकराव्या दिवशी तिने नावाजलेल्या शाळेला नकार कळवला. दादाने रकान्यांचा कागद पुढे केला. त्यात पहिल्या शाळेचं पारडं स्पष्ट जड होतं.

"हे बघितलंस ना?"

"बघितलं."

"बरं," तो म्हणाला आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

पहिल्या दिवशी बाईंनी तिला ओळखलं नाही. हजेरीच्या वहीत नाव शोधून कपाटाकडे बोट दाखवलं. वर्गाआधी फरशी पुसायचं काम पहिल्या वर्षाकडे असे. वर्गातली सगळी तिच्याहून सात-आठ वर्षांनी लहान. तिने फडकं ओलं केलं आणि खिडकीच्या बाजूने सुरुवात केली. आपलं चुकलं की बरोबर झालं, हे तिला अजून कळलेलं नव्हतं.