जरा अ‍ॅडजस्ट करा

अ‍ॅडजस्ट या शब्दाचा इंग्रजीत काय अर्थ असेल तो असो, अंधेरीत त्याचा अर्थ एकच: तू सरक. शेअर रिक्षात, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही जा, कुणीतरी हसून हा शब्द टाकतो आणि दुसरं कुणीतरी अंग चोरून बसतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या कृष्णाबाईलाही तो पाठ होता.

वर्सोव्याच्या मासळी बाजारात अगदी दाराशी तिची जागा. इथे जागा सासूकडून सुनेकडे येते आणि हातपाय चालतात तोवर कुणी ती सोडत नाही. पण 'मावशी, जरा अ‍ॅडजस्ट करा' म्हणत आधी बर्फवाल्याने पेटी आत घुसवली, मग कुणी स्कूटर लावली, मग मोबाईल कव्हरवाल्याने टेबल मांडलं. कृष्णाबाई प्रत्येकाला शिव्या घालायची आणि सरकायची. आता जेमतेम एक पाटी मावत होती. सून कल्पिता मागे, गटाराच्या कडेला उलट्या क्रेटवर बसून मासे साफ करायची.

त्या सकाळी विद्याधर आला. बाजाराची व्यवस्था नुकतीच त्याच्याकडे आली होती. दाराशी फ्रोझन मासळीचं काउंटर लावायचं ठरलंय, तुम्ही मागच्या भिंतीला बसा, गिऱ्हाईक काय, शोधत येईल, असं तो गोडीगुलाबीने सांगत राहिला. शेवटी म्हणाला, "एवढं अ‍ॅडजस्ट कराच, मावशी."

कृष्णाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. मागच्या भिंतीला गेलेल्या बायकांचं काय झालं ते तिने पाहिलं होतं. गिऱ्हाईक दारातूनच परतायचं, शेवटी एकेकीने धंदाच सोडला. ही जागा गेली की सुनेच्या हाती द्यायला काहीच उरणार नव्हतं.

"नाय करत," ती म्हणाली. "लय केलं आजवर. हा शब्द बोलणारा सोता कधी सरकलेला मी बघितला नाय."

मागे कोयत्याचा आवाज थांबला. कृष्णाबाईने वळून पाहिलं. कल्पिता तिच्याकडेच बघत होती. पुढे बसू द्या, असं पोरगी लग्नानंतर कितीदा म्हणाली होती. जागा एवढीशी, अ‍ॅडजस्ट कर, असं दर वेळी कोण म्हणालं होतं हे कृष्णाबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. तिला मनापासून लाज वाटली.

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "कल्पिता, पुढं ये. आजपासून जागा तुझी."

"आणि तुम्ही?"

"मी बसते क्रेटवर."

आजूबाजूच्या बायका हातातलं काम टाकून बघू लागल्या. धडधाकट असताना जागा देणारी सासू बाजाराने पाहिलीच नव्हती. कल्पिताने पदर खोचला, कव्हरवाल्याचं टेबल दोन्ही हातांनी दाराबाहेर ढकललं आणि पाटीमागे ऐसपैस मांडी घातली. विद्याधरला वाटलं, ही जरा शिकलेली दिसते. तो खाली वाकून समजावणीच्या सुरात वहिनी, वहिनी करू लागला.

"सुरमई घ्यायची तर भाव सांगते," कल्पिता म्हणाली. "नायतर बाजूला व्हा, गिऱ्हाईक खोळंबलंय."

खरंच एक बाई पिशवी घेऊन त्याच्या मागे उभी होती. तिने सुरमई घेतली. कल्पिताने ती न वळताच मागे दिली.

"आई, तुकडे पातळ करा."

आणि बाजारात कुणाचंही न ऐकणारी कृष्णाबाई मुकाट्याने पातळ तुकडे करू लागली.