चूक पकडा, वडापाव खा

"समजलं का?" असं विचारलं की आमच्या वर्गातून एका सुरात उत्तर यायचं, "हो मॅडम!" ते ऐकलं की माझं टाळकं सटकायचं. निगडीतल्या एका खासगी आयटीआयमध्ये मी पोरापोरींना लेथ मशीन, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, शिकवते. एकदा मी मुद्दाम ड्रॉइंग उलटं टांगलं आणि त्यावर तासभर बोलले. पोरांनी माना वाकड्या करून ते तसंच उतरवून घेतलं, आणि वर पुन्हा "हो मॅडम!" मी मनाशी म्हटलं, विजयश्री, ही पोरं तुझ्यासाठी येत नाहीत, हजेरीसाठी येतात.

दुसऱ्या दिवशी जाहीर करून टाकलं. "आजपासून रोज मी मुद्दाम एक चूक करणार. जो आधी 'चूक!' म्हणून ओरडेल आणि का चूक ते सांगेल, त्याला गेटवरच्या ज्योतीरामच्या गाडीवरचा वडापाव. माझ्याकडून!"

अहो, काय सांगू! जी पोरं वर्गात घोरायची, ती डोळे फाडून माझ्या हाताकडे बघायला लागली. बंटी तर पहिल्याच दिवशी सुटला. "चूक! मॅडम, तुमची टिकली वाकडी आहे."

"गप रे मेल्या, मशीनवर बोल!"

कधीकधी माझी खरोखरचीच चूक व्हायची. तेव्हाही मी नाक वर करून म्हणायचे, "मुद्दामच केली होती." वडापाव मात्र द्यायचे. आमचे प्राचार्य निरंजन सर दारातून डोकावले. "मॅडम, हा वर्ग आहे की भाजी मंडई?" म्हटलं, सर, मंडईत निदान कुणी झोपत तरी नाही.

अडचण एकाच पोरीची होती, मिनलची. कुरुळीहून यायची. हातात सफाई अशी की बघत राहावं, पण तोंड म्हणजे शिवलेलं. तिचे वडील ज्ञानदेवभाऊ एकदा येऊन सांगून गेले, "मॅडम, पोरगी घरात पण बोलत न्हाई. आता चाकणचे कंपनीवाले पोरं निवडायला येणार हायेत ना? त्यात लागली तर लागली. न्हाई तर शिक्षण बंद, मामाच्या कापडदुकानात बसवतो." आता कापडदुकानात तर उलट दिवसभर बोलावं लागतं, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार? मिनलचं तोंड मात्र एवढंसं झालं. तिला लेथ सोडायचं नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

त्याच सुमारास माझ्या मनात आलं, सगळे वडापाव बंटीच कसा काय पटकावतो? नीट बघितलं तर हा लबाड माझ्याकडे बघतच नव्हता. बघत होता मिनलकडे! मी चुकले की तिच्या भुवया वर जायच्या, भुवया वर गेल्या की हा ओरडायचा, आणि कारणही तिच्याच कानाला लागून विचारून घ्यायचा.

"अगं, तुझ्या जिवावर तो ढेरी वाढवतोय," मी तिला म्हटलं. ती नुसती हसली. मग मीही कमी नाही. त्या दिवशीचा वडापाव बंटीला तिच्या समोर उभं राहून खायला लावला, तळलेल्या मिरचीसकट, मिटक्या मारत. गडी अशा कामाला एका पायावर तयार. मिनल त्याच्याकडे बघत राहिली आणि तिचे कान लाल होत गेले.

दुसऱ्या दिवशी मी लेथवरचं कातायचं टूल मुद्दाम ढिलं ठेवलं. बंटी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "चूक! वडापाव माझा! टूल आवळलेलं नाही!" कंपनीचा भोंगा परवडला, असा आवाज. सगळ्या वर्गाने शिट्ट्या मारल्या. त्यानंतर तिने बंटीला एक घास मिळू दिला नाही.

मग कंपनीचे साहेब आले. निरंजन सरांनी सगळ्यांना आधीच दम दिला होता, विचारल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. मिनलची पाळी आली. साहेबांनी विचारलं, "नाव काय?"

पोरीचा आवाजच गेला. मान खाली, नजर बुटांवर. साहेबांनी थोडी वाट बघितली आणि म्हणाले, "नेक्स्ट." मला रडूच कोसळायचं बाकी होतं. डोळ्यांपुढे ते मेलं कापडदुकान उभं राहिलं.

शेवटी सगळे वर्कशॉपमध्ये गेलो. तिथे साहेबांना हुक्की आली. "आमच्या वेळी आम्ही जॉब कसा लावायचो, बघा," म्हणत त्यांनी बाह्या सरसावल्या. लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या जबड्यात, जॉब म्हणजे कातायचा लोखंडी तुकडा बसवला, चावीने करकचून आवळला, आणि निरंजन सरांशी बोलता बोलता हात स्विचकडे नेला. चावी चकमध्येच! मी पुढे धावणार, तेवढ्यात,

"चूक! वडापाव माझा!"

मिनलने झेप घेऊन लाल बटण दाबलं होतं. निरंजन सर पांढरेफटक पडले. साहेब वळले. "काय म्हणालीस?"

मिनलने तोंडावर हात ठेवला. मागून बंटी कुजबुजला, "कारण सांग, कारण! नाहीतर वडापाव मी घेईन हां."

हात खाली आला. "सर, चावी चकमध्येच राहिलीय. मशीन फिरलं असतं तर उडून तुमच्या तोंडावर बसली असती."

साहेबांनी चावीकडे बघितलं. घाम पुसला. मग नाक वर करून म्हणाले, "हं. मुद्दामच ठेवली होती. बघत होतो, कुणाचं लक्ष आहे."

ते नाक मी ओळखलं. माझंच होतं ते. "हो ना सर," मी म्हटलं, "पण चूक मुद्दाम केली तरी वडापाव द्यावा लागतो. नियम आहे इथला."

निरंजन सरांनी डोळे मिटून घेतले. साहेब एकदम खो खो हसत सुटले. ड्रायव्हरला वडापाव आणायला गेटवर पिटाळलं आणि खिशातून पेन काढलं. "असं ओरडणारं माणूस मला शॉपमध्ये हवंच आहे. नाव काय तुझं?"

तोच प्रश्न.

"मिनल ज्ञानदेव गायकवाड, कुरुळी!" गेटवरच्या ज्योतीरामलासुद्धा ऐकू गेलं असेल. "आणि सर, वडापावात चटणी जास्त घालायला सांगा."