आस्गरकडे कुणी बघू नका!

आस्गर डेन्मार्कहून आमच्या मेक्सिकोत फोटो काढायला आला होता आणि आमच्याच माडीवर भाड्याने राहत होता. त्याला हवी होती साधी माणसं, रस्त्यावरची, आपल्याच तंद्रीतली, कॅमेऱ्याकडे ढुंकूनही न बघणारी. आणि आमच्या गावात तर समोरच्याला "बुएनास तार्देस" असा रामराम न घालता पुढे जाणं म्हणजे त्याच्या अख्ख्या खानदानाशी भांडण! त्याने कॅमेरा उचलला रे उचलला की जो तो हात वर करून मोकळा. आठवडाभराच्या फोटोंत नुसते हात आणि उघडी तोंडं. न्हाव्याने तर गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलून सलाम ठोकला होता.

"यारेली, उद्या संध्याकाळपर्यंत एक तरी फोटो पाठवायचाय," तो रडवेला होऊन म्हणाला. "नाहीतर प्रदर्शनातून मी बाद."

"मी मिळवून दिला, तर तुमचा जुना कॅमेरा माझा?"

"तुझा!"

शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून मला जगात काहीही अशक्य वाटत नव्हतं. चर्चच्या पायरीवर चढून मी भाषणच ठोकलं, "उद्या आस्गरकडे कुणी बघायचं नाही! तो नाहीच असं समजा!"

गावाने ते फारच मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी जो तो आभाळाकडे बघत चालायला लागला. फोटोंत सगळे पाऊस शोधत असल्यासारखे! तोर्तियावालीने रांगेत आस्गरच्या मागे असलेल्या सगळ्यांना मक्याच्या गरम तोर्तिया दिल्या, त्याला नाही. रिक्षावाला त्याच्या पायावरून चाक नेणार होता. मी किंचाळले तर म्हणतो, "कोण? मला कुणी दिसत नाही बुवा!" जेवायला घरी आलो, तर आईने त्याचं ताटच मांडलं नव्हतं.

"अगं आई!"

"तूच म्हणालीस ना, तो नाहीये म्हणून?"

ऊन उतरायला लागलं. आता एकच आशा होती, दोन्या तोमासा, म्हणजे तोमासाबाई. चौकात मेणबत्त्या विकते. जत्रेत गावचा बँड तिच्या दारापुढे न थांबता गेला, तेव्हापासून तिने कुणालाच रामराम घातलेला नाही. पाद्रीबाबांनाही नाही! अशी बाई आस्गरकडे कशाला बघते?

आम्ही दबकत चौकात गेलो. आस्गरने कॅमेरा उचलला. तोमासाने मान वर केली.

"बुएनास तार्देस, गोऱ्या!" ती खणखणीत आवाजात ओरडली. "तुलाही वाळीत टाकलं का रे या नतद्रष्टांनी? सकाळपासून बघतेय मी. ये, बस इथं!"

चौक जागच्या जागी थिजला. फुगेवाला, बूटपॉलिशवाले, न्हावी, गालाला साबण फासलेलं त्याचं गिऱ्हाईक, सगळे आ वासून तोमासाकडे बघत होते. आस्गरकडे कुणीच नाही! शंभर नंबरी फोटो!

आणि आस्गर? आठवड्यात आमच्यातलाच झालेला तो शहाणा, कॅमेरा सोडून हात वर करून म्हणत होता, "बुएनास तार्देस, आजी!"

मी झडप घालून त्याच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

फोटो जरा तिरका आला, कोपऱ्यात आस्गरचं कोपरही आलंय. पण तो प्रदर्शनात लागला आणि जुना कॅमेरा माझा झाला. तो घेऊन मी आधी धावत तोमासाकडे गेले.

"बुएनास तार्देस, दोन्या तोमासा!"

तिने फणकाऱ्याने तोंड फिरवलं. बँडमध्ये ढोल माझेच बाबा वाजवतात ना!

मग काय, मी धडाधड फोटो काढत सुटले. एकदाही बघितलं नाही तिने माझ्याकडे.