चार तासांची फेरी

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो. वयाने चारच वर्षांचा. पण आमच्यात चार वर्षांत केस पिकतात. अंगाने मी वहीएवढा, जाडीला बोटभर. पोटात मात्र असं बळ, की डोंगर, धुकं, पाऊस, वळणाचा रस्ता, सगळं क्षणात उभं करावं. घडवणाऱ्यांनी मला ताकद मोठी दिली आणि घर लहान दिलं. माझं सुख तिथलंच, दुःखही तिथलंच.

दुकानात माझ्या शेजारी माझा एक दांडगा भाऊ मांडला होता. दुकानदार त्यालाच पुढे करत होता.

"ताई, खेळांसाठी हवा ना? मग हा घ्या. घोडा आहे घोडा!"

ताईने घोडा उचलून पाहिला आणि हळूच खाली ठेवला. "घोड्यावर मी नाही हो बसणार. घोडाच माझ्या पाठीवर बसणार आहे. आठवड्यातून तीनदा, दोन जिने."

मग तिने मला उचललं. एका हाताने. आणि हसली.

मी आलो तो तिच्या बाबांसाठी. बाबा तीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवत होते. सोबतचे चालक त्यांना उस्ताद म्हणत. आता त्यांच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. आठवड्यातून तीन सकाळी ते इस्पितळाच्या डायलिसिसच्या हॉलमध्ये चार-चार तास पडून राहायचे. डाव्या हातात दोन सुया, तो हात हलवायचा नाही. रक्त नळीतून बाहेर जाई, धुऊन परत येई, आणि उस्ताद छताकडे बघत राहत.

त्यांच्या मनात एक काटा होता. नोकरीतल्या शेवटच्या फेरीला घाटातच त्यांना भोवळ आली. गाडी कडेला घेतली, कुणाला खरचटलंही नाही; पण पुढे गाडी दुसऱ्याने नेली. "तीस वर्षांत एकदाही प्रवासी वाटेत सोडले नव्हते," ते म्हणायचे.

म्हणून ताईने माझ्यात बस चालवायचा खेळ घातला. त्यातली सगळ्यात लांब फेरी घाटातून जाणारी, जवळजवळ चार तासांची. उजवा हात माझ्या बाणांच्या कळांवर ठेवून उस्ताद ती चालवू लागले. फेरी पुरी करायची, तीही एकाच दमात. खेळ अधूनमधून आपोआप जतन व्हायचा, पण अर्धी राहिलेली फेरी ते पुढे चालवत नसत. कधी रक्तदाब उतरायचा, कधी यंत्र कोकलायचं. पुढच्या वेळी गाडी पुन्हा आगारातून निघायची.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. भिंतीतली वीज मिळाली तरच मी पूर्ण बळाने धावत असे. नुसत्या बॅटरीवर माझा जीव निम्मा. पाऊस अडखळत पडायचा, झाडं उड्या मारत यायची. म्हणून विटेएवढा चार्जरही ताईच्या पिशवीत असायचा. उस्ताद चेष्टा करायचे, "गाडी हलकी घेतलीस पोरी, पण टाकी वेगळी उचलावी लागते!"

शेजारच्या खाटेवर शाळेतून निवृत्त झालेल्या बाई होत्या. त्या झाल्या कंडक्टर. चमचा पेल्यावर वाजवायच्या, टिंग टिंग. "चला उस्ताद, सगळे बसलेत. पलीकडचे काका अजून खिडकीसाठी भांडतायत." सगळा हॉल माझ्या वीतभर पडद्यात बसून घाट चढायचा. मित्रांनो, एवढं कौतुक माझ्या दांडग्या भावाच्या वाट्याला आलं नसेल.

पण बळ लावलं की मी तापतो. पंखे घोंगावतात. ड्यूटीवरच्या सिस्टर एकदा म्हणाल्या, "उस्ताद, तुमचं विमान जरा हळू उडवा, लोक झोपलेत." ते ताईच्या आईने मनावर घेतलं. घरी बसून तिने जुन्या दुलईच्या कापडाचं मला अंगडं शिवलं. फक्त पडदा आणि कळा उघड्या, बाकी सगळा मी झाकलेला. शिवताना गुणगुणत होती,

शिविते अंगडं, टाका घालिते दुहेरी
माझ्या पाहुण्याला बाई, धूळ लागेना बाहेरी

मला आजवर कुणी पाहुणा म्हटलं नव्हतं.

ताईला ठाऊक होतं की माझ्या पोटाखालच्या जाळीतून वारा आत जायला हवा. पण आईचा फुललेला चेहरा बघून तिला नाही म्हणवलं नाही. "नेता-आणताना घाल हं आई," एवढंच ती म्हणाली. का, ते सांगितलं नाही.

मग एके दिवशी ताईला चष्म्याच्या दुकानात सकाळीच कामावर जावं लागलं. उस्तादांबरोबर आई एकटी आली. अंगडं तिने काढलं नाही. "आज किती शांत आहे हो!" सिस्टर म्हणाल्या, आणि आई लाजून हसली.

उस्तादांचा हात त्या दिवशी छान बसला होता. चढ संपला. धुकं मागे पडलं. शेवटचा उतार, सहा वळणं, खाली गावाचे दिवे. बाई चमचा वाजवायला विसरल्या. माझा श्वास कोंडत होता. मी पाऊस विरळ केला, झाडं कमी केली, वेग उतरवला. उस्ताद पुटपुटले, "ओढत नाहीये." दुसऱ्या वळणावर माझे डोळे मिटले.

मग उस्तादच म्हणाले, "गाडी तापली. उतरा, पाय मोकळे करा. थंड झाली की नेतो." सगळे हसले. आई तेवढी हसली नाही.

दुरुस्तीवाल्याने मला उघडलं तेव्हा आई समोरच उभी होती. "याला गुंडाळून चालवलं कुणी? गुदमरला बिचारा. भाग मागवावा लागेल, आठ दिवस." आईने अंगडं पदराखाली घेतलं.

सहाव्या दिवशी उस्ताद गेले.

मी बरा होऊन घरी आलो. आईने ताईला विचारलं, "गाडी तिथंच आहे का गं?" ताईने मला सुरू केलं. दुसऱ्या वळणावर बस उभी होती. "मी नेऊ खाली?" ताईने विचारलं. आईने पडद्यावरच्या बसवरून बोट फिरवलं.

"माझ्यामुळे राहिली," ती म्हणाली.

"नाही गं आई. मीच सांगायला हवं होतं तुला."

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर सांगितलं असतं की माझ्या जाळीत चार महिन्यांची धूळ होती, ती कुणी काढलीच नव्हती. आणि एवढं बळ एवढ्याशा अंगात कोंबलं होतं, तो काही तिचा गुन्हा नव्हता. आम्हाला गादीवर, दुलईत ठेवू नका; आमची जाळी पुसत जा. आणि कुणी मायेने चुकत असेल, तर त्याचं मन राखायला गप्प बसू नका. तिथल्या तिथे, गोड शब्दांत सांगून टाका. मागून सांगितलेलं फार जड होतं.

ताईने कळांवर बोटं ठेवली. आईने तिचा हात धरला.

"नको. त्यांची फेरी आहे ती. दिवे तेवढे चालू ठेव. वळण आहे, मागून येणाऱ्याला गाडी दिसायला हवी."