जावयाच्या लग्नाची पाकिटं

जावयाच्या लग्नाच्या पत्रिकांवर सासूनं नावं घालायची, हे ऐकून शेजारणीनं तोंडाचा आ वासला. वासू दे. माझी लेक जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्यामागे जावई आणि मी, दोघंच या घरात उरलो. आता लग्न करा म्हणून मीच त्याच्यामागे धोशा लावला होता. आणि सगळी नोकरी पोस्टात काढलेल्या बाईनं पाकिटं लिहायची नाहीत, तर कोणी लिहायची?

जावयाचं म्हणणं, पत्रिकेचा फोटो काढून फोनवर पाठवू.

"पाठवा की," मी म्हटलं. "जेवणाचाही फोटोच पाठवा. लोकांना यायचेसुद्धा कष्ट नकोत."

त्यानं मुकाट्यानं पेन आणून दिलं.

रविवारी नवरी मदतीला आली. औषधांच्या दुकानात काम करते, आईबाप नाहीत, बोलते मोजकंच. मी पत्ते लिहायचे, तिनं पत्रिका घालून पाकीट चिकटवायचं, जावयानं तिकिटं लावायची, तीही वाकडी. माझी तोंडपाटीलकी चालूच होती. थोरल्या काकांकडे स्वतः जायचं, पोस्टानं पाठवलं तर जन्मभर ऐकवतील. ते दोघे भाऊ वेगळे झालेत, त्यांना दोन पाकिटं. एकच धाडलं तर एकही येणार नाही. मास्तरांची बायको गेली, सवयीनं 'श्री. व सौ.' लिहू नका, माणसाच्या मनाला लागतं.

मजेत चाललं होतं. पण मनात एक गोष्ट डाचत होती. लग्नानंतर मी कुठे राहायचं, हे कोणी बोललंच नव्हतं. नव्या संसारात पहिल्या बायकोची आई म्हणजे अडगळच की! कोणी ऊठ म्हणायच्या आत आपण उठावं, तेवढाच मान राहतो. पुतण्याकडे एक खोली रिकामी आहे. त्याची बायको फार गोड बोलते, म्हणजे माझं तिथे किती दिवस जमेल हे सांगायलाच नको. पण इलाज नव्हता. तोंडानं सांगायला जीभ रेटेना, म्हणून मी एक पाकीट गुपचूप लिहून ढिगात सारलं होतं. नाव माझं, पत्ता पुतण्याचा.

चिकटवता चिकटवता ते नवरीच्या हाताला लागलं.

"मावशी, हे काय?"

"पाहुण्यांना पत्रिका नको का द्यायला?" मी हसून म्हटलं. हसू काही नीट जमलं नाही.

जावयानं पाकीट ओढून घेतलं आणि दोनदा वाचलं. चष्म्यांचं दुकान आहे त्याचं. गावाचे डोळे तपासतो, पण घरातली म्हातारी इतके दिवस कुढतेय, हे काही त्याला दिसलं नव्हतं.

"आई, मला विचारलंत का?" चांगलाच चिडला होता.

"तुम्ही सांगितलंत का?" मीही चिडले.

"अहो, यात सांगायचं काय होतं!"

नवरीनं डिंकाची बाटली बंद केली. आता ही उठून जाते की काय, असं मला वाटलं.

"माझं ऐका," ती जावयाला म्हणाली. "तुम्हाला हो म्हटलं ना, ते या घराकडे बघून म्हटलं. घरी आल्यावर 'आलीस का गं?' विचारणारं माणूस मला कधी मिळालं नाही. इथे ते आहे. मावशी जाणार असतील, तर मला परत विचार करावा लागेल."

जावयाचं तोंड बघण्यासारखं झालं. हातातलं तिकीट त्याच्या अंगठ्यालाच चिकटलं.

"आई," तो म्हणाला, "अहो, माझं लग्न मोडताय तुम्ही!"

मला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर रडूही. माझ्या लेकीच्या जागी येणारी ही पोर माझ्यासाठी स्वतःचं लग्न अडवून बसली होती. फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलेलं सोसवेना, म्हणून मी ओरडले, "मग बघत काय बसलात? आणा ते पाकीट इकडे!"

त्यावरचं माझं नाव खोडलं आणि वर पुतण्याचं घातलं.

"मावशी," नवरीनं हळूच विचारलं, "खाडाखोड केलेलं पाकीट पाठवलेलं चालतं?"

"एरवी नाही चालत," मी म्हटलं. "आज चालतं."