दुसरा गिलोरी

सोमवारी सकाळी मोबील शहरातल्या मैदानावर तो आवाज झाला आणि स्टँडात बसलेल्या शे-दीडशे पारख्यांच्या हातातली कॉफी हिंदकळली. बॉल झेलायला हात वर केलेला एक अडीचशे पौंडांचा दांडगा पोरगा, आणि त्याच्या बरगड्यांत मुंडी घालून घुसलेला जवारिस फॉन्टेनो. दांडग्याचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले, हेल्मेट उडून गडगडत गेलं आणि तो पाठीवर आदळला. गालावर रक्ताळलेली लाळ आली. जवारिस त्याच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभा राहिला आणि वाकून त्याच्याकडे बघत राहिला.

"आयला!" मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं. "हा तर दुसरा गिलोरी!"

"गिलोरी कोण?" एका नव्या, कोवळ्या पारख्याने विचारलं.

"अरे मूर्खा, तुझ्या पुढ्यात बसलाय तो."

लमार गिलोरीने मागे वळून बघितलं नाही, पण त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं हे कबूल केलं पाहिजे. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, आता स्वतःही पारखी, डाव्या गुडघ्यात तीन स्क्रू. नऊ हंगाम त्याने व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये माणसं आडवी केली, आणि मग पंधरा वर्षं त्याचं नाव कोणी घेतलं नाही. आज घेतलं.

जानेवारीअखेरचा हा आठवडा म्हणजे बाजारच. कॉलेज संपत आलेली शंभर-सव्वाशे निवडक पोरं इथे येतात, तीन दिवस अंगावर पॅड चढवून एकमेकांची हाडं खिळखिळी करतात, आणि व्यावसायिक संघांचे पारखी वर बसून लिहून घेतात. मग एप्रिलमध्ये ड्राफ्ट: कोणाला कोण उचलणार आणि कितव्या नंबरला. पारख्याच्या कागदावर उंची, वजन, धावण्याची वेळ यांच्याखाली एक चौकोन असतो: 'कोणासारखा?' बाकी तुम्ही चाळीस ओळी खरडा, वरचे लोक वाचतात तो चौकोनच. अमक्यासारखा म्हटलं की त्यांना पोरगा बघायची गरज उरत नाही.

लमारच्या संघाचा निवडप्रमुख होता डेल क्रॅडक. टेक्सासचा गडी, दात कोरत बोलणारा. सोमवारी दुपारी त्याने लमारला गाठलं.

"तूच सांग बाबा. तो पोरगा तू आहेस का? असशील तर नवव्या नंबरला उचलतो. तुझ्याइतकं तुला कोण ओळखणार?"

"दोन दिवस बघू दे," लमार म्हणाला.

मंगळवारी नाश्त्याला जवारिस आपणहून त्याच्या टेबलावर येऊन बसला. लुइझियानाच्या ऊसपट्ट्यातला पोरगा; त्याचं गाव लमारच्या गावापासून वीस मैलांवर. त्याने खिशातून घरच्या मिरचीच्या सॉसची बाटली काढली आणि ग्रिट्सच्या लापशीवर शिंपडली.

"मिस्टर लमार, तुमचा तो फटका मी किती वेळा बघितला असेल, सांगा."

"कुठला?"

"कुठला काय! ब्याऐंशी नंबरवाला. चारशे वेळा तरी. शेवटच्या दोन पावलांत तुम्ही मुंडी खाली घेता ना, ते मी आरशासमोर उभं राहून शिकलोय. नंतर त्याच्यावर उभे राहता तेसुद्धा."

"त्या ब्याऐंशीचं नाव काय?"

"कोणाचं?"

"मी ज्याला मारलं त्याचं."

जवारिसने घास गिळला. "ते टेपमध्ये सांगत नाहीत, सर."

"कर्टिस हॉलिन्स. पास्कागूलाला असतो, इथून पाऊण तासावर. मानेखाली काही हलत नाही त्याचं. नळीत फुंकर मारून खुर्ची चालवतो."

"पण फटका नियमात होता ना?"

"होता."

"मग?"

मग काय, याचं उत्तर लमारला एकवीस वर्षांत सापडलं नव्हतं. पास्कागूलाला तो एकदाच गेला होता आणि फाटकावरूनच परत फिरला होता.

"मुंडी वर ठेवत जा, पोरा. ज्याला मारतोस त्याच्याकडे बघत मार. मुंडी खाली घातली की मान ताठ होते, आणि ताठ मान काटकीसारखी मोडते. माझं नशीब की त्याची मोडली."

"तुमची नाही ना मोडली!" पोरगा मनापासून हसला. "सर, एवढंच करा. त्या चौकोनात तुमचं नाव घाला. आमच्याकडे लोक म्हणतील, पोराने लमार गिलोरीचं नाव काढलं."

लमारला पोराचा राग यायला हवा होता. आला नाही. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची इतकी शरम वाटली की समोरचं अंडं त्याच्याच्याने खाववेना.

बुधवारी शेवटचा सराव. त्या दिवशीचा खेळ सोपा: दोघं समोरासमोर, मध्ये सात यार्ड, एकाच्या हातात बॉल. शिट्टी वाजली की एकाने जायचं आणि दुसऱ्याने जाऊ द्यायचं नाही. जवारिससमोर जॉर्जियाचा एक ठेंगणा, रुंद पोरगा आला. पहिल्या फेरीत जवारिसने त्याला उलटा पाडला. दुसऱ्या फेरीत त्याच्या नाकातून रक्त काढलं. स्टँडातून शिट्ट्या सुरू झाल्या. "गिलोरी! गिलोरी!" लमारच्या नावाने असा ओरडा होऊन वीस वर्षं झाली असतील, आणि तो उठून उभा राहिला होता, का ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या फेरीत जॉर्जियाच्या पोरानेही मुंडी खाली घातली.

आवाज वेगळाच आला. ठेंगणा दोन पावलं मागे धडपडला आणि सावरला. जवारिस जागच्या जागी तोंडावर पडला, हात अंगाशी, तळवे आभाळाकडे. बोटं हलत नव्हती. शिट्ट्या थांबल्या.

लमारने कुंपण कसं ओलांडलं ते त्याच्या गुडघ्यालाच माहीत. तो पोराशेजारी गवतात आडवा झाला. हेल्मेटच्या जाळीतून एक डोळा दिसत होता, त्यात माती गेली होती, आणि तो डोळा इकडेतिकडे काहीतरी शोधत होता.

"सर," जवारिस म्हणाला, "माझे हात कुठायत?"

"आहेत."

"कुठायत?"

"आहेत रे बाळा. इथेच आहेत. हलू नकोस."

डॉक्टर धावत येईपर्यंत लमारने मनात आकडे मोजले. छत्तीसला डावी करंगळी हलली. एक्केचाळीसला पोरगा किंचाळला, कारण दोन्ही हातांत आग पेटल्यासारखी संवेदना परत आली. डॉक्टर पडून राहा म्हणत असतानाच तो उठला, उठून त्याने स्वतःच्या हेल्मेटवर मूठ आपटली, आणि स्टँडातल्या त्या शहाण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"काय जिगर आहे बघा!"

"गिलोरीच तो!"

दुपारी मानेचे फोटो निघाले. हाड शाबूत होतं. म्हणजे औषध काहीच नाही. मोडकी होती ती सवय.

पाच वाजता हॉटेलात, क्रॅडकच्या खोलीत बसून लमारने कागद भरला. उंची, वजन, वेळ. चौकोनाशी येऊन पेन थांबलं. स्वतःचं नाव लिहायला त्याचा हात शिवशिवत होता, खोटं कशाला बोला. मग त्याने एका दमात लिहिलं आणि कागद क्रॅडकपुढे सरकवला.

"कर्टिस हॉलिन्स?" क्रॅडकने दातातली काडी काढली. "अरे, तो तर पास झेलणारा होता. हा पोरगा मागे उभा राहून माणसं फोडतो."

"मी मानेचं लिहिलंय."

"चेष्टा करतोस?"

"डेल, त्या दिवशी बॉल कर्टिसच्या डोक्यावरून निघून गेला होता. मला दिसला होता. थांबता येत होतं मला. पण स्टँडातून ओरडत होते, दुसरा प्रुइट, दुसरा प्रुइट! मला घेतलं तेव्हा माझ्या चौकोनात ओटिस प्रुइटचं नाव होतं. आणि प्रुइट कधी थांबायचा नाही." लमारने पेन टेबलावर टाकलं. "मी त्या नावाखातर त्या माणसाची मान मोडली. नियमात!"

क्रॅडकने काडी परत दातात धरली. "हे आणखी कोणाला सांगितलंयस?"

"नाही."

"सांगू नकोस," असं म्हणून त्याने कागद फायलीत ठेवला.

गुरुवारी मुलाखती. पोरांना पंधरा मिनिटं समोर बसवायचं आणि डिवचायचं, ही तिथली रीतच. पोरगा चिडल्यावर कसा वागतो ते बघायचं असतं. कोणी आईवरून बोलतं, कोणी बापावरून. क्रॅडकला तयार माल मिळाला होता. त्याने लमारचा कागद उघडला आणि चौकोन मोठ्याने वाचून दाखवला.

लमार तेव्हा हॉटेलमागच्या आवारात गाडीत बॅग ठेवत होता. दुपारचे तीन. कार्निव्हल जवळ आल्यामुळे झाडांवर रंगीत मण्यांच्या माळा लटकत होत्या. मागचं दार धाडकन उघडलं आणि जवारिस बाहेर आला. मुलाखतीसाठी घातलेला टाय त्याने मानेवरून ओरबाडून फेकला.

"तो पांगळा? मी तो पांगळा?"

"जवारिस, ऐक."

"लहानपणापासून तुम्ही! दुसरं कोणी नाही, तुम्ही! आणि तुम्ही माझ्या नावापुढे लुळा माणूस लिहिता?"

"ऐकून तर घे."

पोरगा ऐकायला आला नव्हता. तो धावला. वीस पावलांचं अंतर होतं, आणि लमारला बाजूला होता आलं असतं. गुडघा असला तरी तेवढं त्याला जमत होतं. तो हलला नाही. त्याला पोराचा चेहरा दिसत होता, शेवटच्या पावलापर्यंत. लाल डोळे, आवळलेले दात, नाकातून ओघळलेलं पाणी. मग खांदा त्याच्या छातीत घुसला, दोन हातांनी त्याला कवळलं, उचललं आणि गाडीच्या दारावर आपटलं. दार चेपलं. आत दोन बरगड्या गेल्या. त्यांचा आवाज लमारने ऐकला. तो सिमेंटवर पडला तेव्हा पोरगा त्याच्या छातीवर बसला आणि त्याने तोंडावर दोन गुद्दे हाणले. ओठ फाटला, एक दात जिभेवर आला.

"तुमचं नाव द्यायला काय जात होतं तुमचं? काय जात होतं?"

लमार रक्त थुंकला. तो हसत होता की गुदमरत होता ते कळायला मार्ग नव्हता.

"मुंडी," तो म्हणाला.

"काय?"

"मुंडी वर होती तुझी." त्याला श्वास पुरत नव्हता. "का होती? सांग. मला मारताना काय बघत होतास?"

"तुमचं थोबाड!" पोरगा रडत ओरडला. "मला तुमचं थोबाड बघायचं होतं!"

"असंच," लमार म्हणाला. "बाळा, असंच मारायचं. बस्स."

तिसऱ्या गुद्द्यासाठी वर गेलेली मूठ तिथेच राहिली. मग जवारिसने ती उघडली आणि स्वतःच्या बोटांकडे बघत बसला, एकेक हलवून. हॉटेलच्या दारातून माणसं धावत येत होती.

शुक्रवारी सकाळी छातीला पट्टे बांधलेला लमार क्रॅडकच्या खोलीत आला. बोलताना त्याच्या गेलेल्या दाताच्या फटीतून हवा जात होती.

"पोलिसांत देतोस का?" क्रॅडकने विचारलं. "दे. त्याला आता कोणी हात लावणार नाही."

"माझा कागद काढ."

"अरे, संपलं ते."

"काढ म्हणतो ना."

क्रॅडकने काढून दिला. लमारने आधी कर्टिस हॉलिन्सचं नाव खोडलं. ज्याच्या फाटकातून आत जायची हिंमत झाली नाही त्याचं नाव परस्पर वापरायचा हक्क आपल्याला कोणी दिला, हे त्याला रात्रभर टोचलं होतं. खोडलेल्या जागी त्याने दुसरं काही लिहिलं नाही.

"मग कोणासारखा?" क्रॅडकने विचारलं. "चौकोन रिकामा ठेवलेला कागद मालकासमोर कसा नेऊ?"

"असाच ने."

त्याने पान उलटलं, आणि शेरा लिहायच्या जागी मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'डोकं वर ठेवून, माणसाकडे बघत मारतो. काल स्वतः फटका खाऊन खात्री केली. ल. गिलोरी.'